शाळा ‘प्रगत’, पण पोराला वाचता येईना

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गेल्या वर्षी गावच्या विद्यामंदिराच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. एप्रिलच्या बैठकीत हेडसरांनी वर्षाचा आढावा वाचून दाखवला. संकलित चाचणी दोनची सरासरी ७८ टक्के, शाळेतली ९२ टक्के मुलं प्रगत, शिष्यवृत्तीत दोन पोरं, सुंदर शाळा अभियानात केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नंबर. टाळ्या झाल्या, मी प्रोसिडिंगवर सही केली. माझा मुलगा याच शाळेत चौथीत होता. एक मेला प्रगतिपत्रक मिळालं, मराठीला ब-१. पण परवा त्याला पेपरातली बातमी वाचायला सांगितली तर एकेक अक्षर लावत बसला, जोडाक्षर आलं की गप्पच. मग तो अहवाल खोटा म्हणायचा का? हेडसर चांगले आहेत, धडपडे आहेत. आता विचारायला गेले तर ‘स्वतःच्या पोरासाठी शाळेची बदनामी करते’ असं गाव म्हणेल. घरचे म्हणतात, जूनपासून त्याला इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये बसवू. मी काय करू?
— एक आई, राधानगरी तालुका

ताई, नमस्कार.

अहवाल खोटा असेल असं मला वाटत नाही. आणि तुमचा मुलगा अडखळतो हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच शाळेत, एकाच वर्गात खऱ्या असू शकतात, कारण अहवाल अख्ख्या शाळेबद्दल बोलतो आणि तुम्ही एका पोराबद्दल विचारताय. समितीच्या बैठकीत या दोहोंची गाठ सहसा पडत नाही. ती घालून देणं हे अध्यक्षाचं काम आहे, आणि तुम्हाला ते जमेल.

प्रगतिपत्रकापासून बघू. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिकचे आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचे. आकारिकमध्ये वर्गातलं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, गृहपाठ, छोट्या चाचण्या असं सगळं येतं. ही पद्धत मला पटते. गोष्ट रंगवून सांगणाऱ्या पण पेपर बघून घाबरणाऱ्या कितीतरी पोरांना तिने न्याय दिला. मात्र ब-१ म्हणजे ७१ ते ८० गुण, आणि रोज हजर राहणारा, बोलका, फळ्यावरचं वहीत नीट उतरवून काढणारा मुलगा वाचन कच्चं असूनही तिथवर पोचतो. उतरवून काढणं म्हणजे वाचणं नव्हे, हे घरी लवकर ध्यानात येत नाही. वही स्वच्छ दिसते, अक्षर वळणदार असतं, आपल्याला वाटतं पोरगं शिकतंय. बोलणं, ऐकणं, लिहिणं, कविता म्हणणं, वाचणं या सगळ्यांची मिळून एकच श्रेणी निघते, तेव्हा कच्चं वाचन बाकीच्यांच्या मागे दडून जातं. त्यात मास्तरांची लबाडी असायलाच हवी असं नाही.

आता ती ७८ टक्क्यांची सरासरी. तुमच्या गावात दूध संस्था असणारच. तिथे प्रत्येकाच्या दुधाचं फॅट वेगळं लागतं आणि प्रत्येकाला स्लिप वेगळी मिळते. उद्या सचिवाने अख्ख्या गावाच्या दुधाचं सरासरी फॅट काढून सगळ्यांना तोच दर लावला, तर दुपारच्या आत संस्थेच्या दारात गाव जमेल. पोरांच्या शिकण्याची सरासरी ऐकून मात्र आपण टाळ्या वाजवतो.

जरा हिशेब करू. समजा चौथीचा पट १२ आहे. आठ पोरांना ९० टक्के आणि चौघांना ५४ टक्के मिळाले, तर वर्गाची सरासरी बरोबर ७८ येते. बाराही पोरांना ७८ मिळाले तरी ती ७८च येते. पहिल्या वर्गात चार पोरांना रोज जवळ घेऊन बसवायला हवं, दुसऱ्या वर्गात तशी गरज नाही. अहवालात हे दोन्ही वर्ग सारखेच दिसतात. तसंच त्या ९२ टक्क्यांचं. शाळेचा पट १०० धरला तर आठ पोरं उरली. ती कोणत्या वर्गातली, त्यांच्यासाठी वर्षभर काय केलं, पुढच्या वर्षी काय करणार? मुळात प्रगत म्हणायला किती गुण लागतात? अध्यक्ष म्हणून हे प्रश्न तुम्हाला बैठकीतच विचारता आले असते. पण सरासरी ऐकल्यावर असे प्रश्न सुचत नाहीत, आणि बहुतेक समित्यांचं असंच होतं.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. अहवालात बहुधा ‘पायाभूत चाचणीत इतके, संकलित दोनमध्ये इतके, म्हणजे इतके टक्के प्रगती’ असं वाक्य असतं. पायाभूत चाचणी पावसाळ्यात होते आणि तिचा भर मागच्या इयत्तेत शिकलेल्यावर असतो. संकलित दोन वर्षाच्या शेवटी होते आणि चालू इयत्तेच्या अभ्यासावर असते. पेपरच दोन वेगळे, त्यांची वजाबाकी करून प्रगती कशी निघणार? गेल्या वर्षीची चौथी आणि यंदाची चौथी ही तर पोरंच वेगळी. लहान शाळेत एका पोराने आकडा किती हलतो तेही बघा. १२ च्या वर्गात एक पोर म्हणजे आठ टक्के! बऱ्यापैकी वाचणारी दोन पोरं जूनमध्ये इंग्लिश शाळेत गेली, दिवाळीनंतर भोगावती-बिद्री साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोडीला आलेल्या टोळीतली तीन पोरं वर्गात बसली आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, निघून गेली, की त्या वर्गाची टक्केवारी वर-खाली होणारच. त्यात गुरुजींचं कौतुक नाही की दोषही नाही. आणि ऊसतोडीची पोरं वर्गात घेतली म्हणून टक्का घसरला, तर त्या शाळेचा मला अभिमानच वाटेल.

शिष्यवृत्तीतल्या दोन पोरांचं मनापासून कौतुक करा. शिष्यवृत्ती परीक्षेत कोल्हापूर जिल्ह्याचं नाव आहे, आणि त्यामागे सकाळी लवकर आणि सुट्टीच्या दिवशी जादा तास घेणाऱ्या शिक्षकांचे कष्ट आहेत. पण त्या निकालातून वर्गातली वरची पोरं कुठवर पोचली तेवढं कळतं. मागच्या बाकावर काय चाललंय ते त्यात येत नाही. सुंदर शाळा अभियानाचा नंबरही आनंदाचा आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडाच.

कुणी जिल्ह्याचा आकडा पुढे करील, म्हणून त्याबद्दलही सांगतो. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं. ते निवडक शाळांत होतं. जिल्हा कुठे आहे, कोणत्या विषयात जोर लावायचा, हे अधिकाऱ्यांना त्यातून समजतं. तुमच्या शाळेतल्या एकाही पोराचं वाचन त्यावरून सांगता येत नाही. दुसरं सर्वेक्षण असरचं, ‘प्रथम’ संस्थेचं, २००५ पासूनचं. ते शाळेत जात नाही, खेड्यापाड्यांत घरोघरी जातं आणि पोराच्या हातात एक कागद देतं. त्यावर अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. पोर कुठवर वाचतंय तेवढंच टिपायचं. तुम्ही पेपर हातात देऊन जे केलंत ते साधारण याच वाटेनं जाणारं होतं. फरक इतकाच की वर्तमानपत्राची बातमी चौथीच्या पोराला जड असते. ‘जिल्हाधिकारी’, ‘अतिवृष्टीग्रस्त’ असले शब्द वाचताना मोठी माणसंही थबकतात. म्हणून त्या एका संध्याकाळवरून घाबरून जाऊ नका.

पुन्हा एकदा बघा, पण नीट. शाळेच्या वाचनपेटीतलं त्याने न वाचलेलं, मोठ्या टायपातलं गोष्टीचं पुस्तक आणा. शेजारी बसून एक पान मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये चूक काढू नका, रागावू नका, भावंडांना तिथे बसू देऊ नका. वाचून झाल्यावर ‘काय झालं रे गोष्टीत?’ एवढंच विचारा. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला निदान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलंय. तुमच्या मुलाची चौथी संपली आहे. मोबाइलवर मिनिट लावा, पण त्याच्या नकळत. तो ५० च्या घरात असेल आणि गोष्ट सांगता येत असेल, तर कसर फक्त सरावाची आहे. वीस-पंचवीसवरच अडकत असेल आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरत असेल, तर वेळ घालवू नका.

वेळ घालवू नका म्हणतो त्याला कारण आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. पाचवीत नापास झालं तर पुनर्परीक्षा मिळते, तीही गेली तर पोर पाचवीतच राहतं. तुमचा मुलगा जूनमध्ये पाचवीत बसतोय. तिथे गणिताचं उदाहरण आणि परिसर अभ्यासाचा प्रश्नही वाचूनच समजून घ्यावा लागतो. वाचन अडलं तर पोराला ‘गणित येत नाही’ असा शिक्का बसतो, आणि खरं कारण कुणी बघत नाही.

आता बदनामीचं. ताई, हे भय मनातून काढून टाका. शिक्षण हक्क कायद्यात तुमच्या समितीचे निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असं कलम २१ मध्ये आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं आणि शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं काम म्हणूनच सांगितलंय. कलम २४ तर शिक्षकांवरच जबाबदारी टाकतं: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवायचं, आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, क्षमता आणि प्रगती सांगायची. प्रत्येक मुलाची, असं कायद्यातच आहे. १९१७ साली याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड ठेवला. त्या काळी दरबार पालकाला जाब विचारायचा. आज पोर रोज शाळेत येतंय, आणि त्याला काय येतंय हे पालकाने विचारलं तर त्यात बदनामी कसली?

विचारायचं कसं, याला मात्र महत्त्व आहे. भर बैठकीत एकदम काढू नका. आधी हेडसरांना ऑफिसात एकट्याने भेटा. मुलाची गोष्ट लपवू नका, तीच आधी सांगा: “सर, आमचं पोरगं वाचताना अडतंय. मला वाटतंय, तसली आणखी असतील. आपण सगळ्या पोरांचं एकदा बघूया का?” धडपड्या माणसाला हे लागणार नाही. उलट त्यांना बहुधा हे ठाऊक असतं, पण कुणी विचारत नाही म्हणून बोलायची सोय नसते. वरून सरासरी मागितली जाते, चाचणीचे गुण शिक्षण खात्याच्या मोबाइलवरच्या चॅटबॉटवर भरून पाठवावे लागतात, आणि शेवटी गावासमोरही तेच आकडे वाचले जातात.

तुम्ही मागायचं ते एवढंच. दुसरी ते सातवीच्या प्रत्येक वर्गात किती पोरं अजून अक्षरावर, किती शब्दावर, किती उताऱ्यावर आणि किती गोष्ट वाचून सांगण्यापर्यंत आली आहेत. जूनअखेर एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा, मार्चमध्ये एकदा. तीच पोरं तिन्ही वेळा मोजायची. मध्येच आलेली आणि गेलेली वेगळी लिहायची. नावांची यादी वर्गशिक्षकांजवळच राहू दे. बैठकीत आणि प्रोसिडिंगमध्ये फक्त संख्या. ‘अमक्याच्या पोराला अक्षर ओळख नाही’ असं एकदा गावात फिरलं, की ते पोर पुढे तोंड उघडत नाही. ही काळजी तुम्ही स्वतः घ्या, कारण समितीतलेच कुणीतरी बाहेर बोलतात. असं झालं की पुढच्या एप्रिलला हेडसर सांगू शकतील: जूनमध्ये चौदा पोरं शब्दावर होती, त्यातली नऊ आता गोष्ट वाचतात, तीन उताऱ्यावर आली, दोन तिथेच आहेत आणि त्या दोघांसाठी पुढे असं असं ठरवलंय. त्या अहवालावर सही करताना तुमचा हात अडखळणार नाही.

हे मागताना समितीनेही शाळेसाठी काहीतरी उचललं पाहिजे, नुसता जाब विचारून भागत नाही. शाळेत शिक्षक किती, वर्ग किती? जागा रिकामी आहे का? पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस कामकाज व्हायला हवं. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात किती दिवस गेले आणि नंतर किती भरून काढले? शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असं कलम २७ सांगतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत, आणि त्याखाली बरेच दिवस निघून जातात. दोन गुरुजींवर चार-पाच वर्ग असतील आणि त्यातला एक मतदार यादी घेऊन गावभर फिरत असेल, तर मागच्या बाकावरच्या पोराला जवळ घेऊन बसणार कोण? रिकाम्या जागेचा ठराव करून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवणं हे समिती करू शकते. एकट्या मुख्याध्यापकाच्या पत्रापेक्षा पालकांच्या सह्यांच्या ठरावाला वजन जास्त. गावातल्या बारावी झालेल्या पोरी सुट्टीत रोज तासभर लहान पोरांना वाचायला बसवायला तयार असतात, त्यांना विचारा. खर्च काहीच नाही.

तुमच्या मुलासाठी सगळ्यांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पण त्याची वाट न बघता सुट्टीतच दाखवा. फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतलं बघून उतरवणारी पोरं किती असतात! नजर आणि ऐकणं ठीक असेल तर रोज वीस मिनिटं, एकाच वेळेला, सोप्या पुस्तकापासून. त्याला आवडेल ते घ्या: कुस्तीचं, क्रिकेटचं, गुराढोरांचं. एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याने. जोडाक्षरांसाठी घरातलेच शब्द कागदावर लिहा: म्हैस, कुस्ती, रस्सा, पिशवीवरचं ‘शुद्ध’. शब्द तोंडात बसलेला असला की डोळ्याला लवकर सापडतो. वाचन चुकलं म्हणून मार नाही, टोमणा नाही, आणि ‘तुझ्यापेक्षा धाकटी बरी वाचते’ हे तर अजिबात नाही.

असं करूनही दिवाळीपर्यंत काही हललं नाही, अक्षरं उलटीपालटी होत राहिली, वाचलेला शब्द पुढच्याच ओळीत ओळखेना, तर वर्गशिक्षकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवायला सांगा. काही हुशार पोरांना वाचनातच अडचण असते. तो आळस नसतो, आणि त्यावर शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत.

राहिला बसचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: या जूनमध्ये शाळा बदलू नका. ज्या भाषेत तो दिवसभर बोलतो तिचं वाचन अजून बसलेलं नाही, आणि पाचवीत त्याला सगळे विषय अनोळखी भाषेत वाचायला लावायचे, तर ओझं दुप्पट होईल. पाठांतर करून तो वर्ष-दोन वर्षं तगेल, तिथल्या प्रगतिपत्रकावरही चांगली श्रेणी येईल, आणि अडचण आणखी खोल जाईल. मराठी माध्यमाची सार्वजनिक शाळा म्हणून ती कमी, असंही मानू नका. कोल्हापूर शहरात जरगनगरच्या महापालिका शाळेत पाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. ती रांग शिकवण्यावरच्या विश्वासाची आहे. तुमच्या विद्यामंदिराबद्दलही असा विश्वास वाटू शकतो, पण अध्यक्षांनीच आपलं पोर काढून नेलं तर गावातली आणखी चार घरं जूनमध्ये तेच करतील, पट घसरेल आणि पाठोपाठ शिक्षकाची जागा जाईल. हे मी तुमच्यावर दडपण आणायला सांगत नाही. मुलाचं नुकसान होत असेल तर शाळा जरूर बदलावी. पण आज नुकसान कशाने होतंय हेच अजून तपासलेलं नाही.

म्हणून घरच्यांना सांगा, हे एक वर्ष थांबू. सुट्टीत डोळ्यांची तपासणी आणि रोजचं वाचन. हेडसरांना भेटून जूनच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘इयत्तावार वाचनस्थिती’ हा विषय घालून घ्या. जून, दिवाळी आणि मार्च अशा तिन्ही वेळा मुलगा कुठे आहे ते वर्गशिक्षकांकडून तारखेसह लिहून घ्या. त्या तीन नोंदी समोर ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये बसचं ठरवा.